सुंदरीच्या नावाचा नमुना

मी आयुष्यात चोरी एकदाच केली, आणि तीही मांजराच्या शीची.

दुसऱ्याच्या मांजराच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट जो तो आपापल्या सोयीने सांगतो आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा थोडी जास्त मूर्ख होत जाते. माझ्याकडून ऐकलीत तर निदान मूळचा मूर्खपणा होता तेवढाच कळेल. तोही काही कमी नव्हता.

तेव्हा मी अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झाले होते. म्हणजे केस पिकले होते, पण अक्कल अजून कामावर रुजू व्हायची होती. कान्हे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं घर. घरात मी, आमचे हे (रेल्वेत चावीवाले होते, रुळांच्या सैल चाव्या ठोकत जन्मभर एकटे चालून चालून बोलायची सवयच मोडली होती), मुलगा मिलिंद, सून वर्षा आणि सुंदरी.

सुंदरी म्हणजे मांजर. नाव मी ठेवलं होतं. एक कान अर्धा, शेपटी टोकाला मोडलेली, रंग तीन आणि तिन्ही अर्धवट. मिलिंदचं म्हणणं होतं की हे नाव ठेवताना माझा चष्मा दुरुस्तीला गेला असावा. असेना का. निवृत्त झाल्यावर सकाळी पोरांची हजेरी घ्यायची वेळ झाली की मला घर खायला उठायचं, आणि नेमकी त्याच वेळेला ही येऊन माझ्या पावलांवर बसायची. कुणीतरी हजर आहे असं वाटायचं. यापेक्षा जास्त हळवं मी काही लिहिणार नाही, कारण हे वर्षा वाचणार आहे.

तर वर्षाला दिवस गेले. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि शेवटी विचारलं, घरात मांजर आहे का. आहे म्हटल्यावर त्यांनी नीट समजावलं. काही मांजरांच्या शीतून एक जंतू पसरतो, तो गरोदरपणात बाईला पहिल्यांदा लागला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. मांजर घालवायलाच पाहिजे असं नाही, पण तिची तपासणी करून घ्या आणि तुम्ही तिच्या घाणीला हात लावू नका.

वर्षाने घरी येऊन हे शब्दन् शब्द सांगितलं. मिलिंदच्या कानांनी त्यातला मधला भाग गाळला. तो म्हणाला, "तपासणीत काहीही निघालं, तर सुंदरी त्याच दिवशी सुदुंबऱ्याला."

सुदुंबऱ्याला माझ्या भावाचा गोठा आहे. गोठ्यावर त्याची कुत्री आहेत. त्या कुत्र्यांनी गोठ्यावर आजवर एकही मांजर टिकू दिलेलं नाही, आणि भाऊ हे अभिमानाने सांगतो. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपरचं पान उलटलं.

तपासणीसाठी आली पूनम. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर, पण आमच्यासाठी कान्ह्याचीच पोर, आणि माझ्या अंगणवाडीतली. हिची मला विशेष आठवण, कारण जंताची गोळी चुकवण्यात ही पहिल्या नंबरची! गोळी जिभेखाली दडवायची आणि बाहेर जाऊन कुंडीत थुंकायची. पण गोळी दडवलेलं पोर ओठ मिटून हसतं, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. असं हसू दिसलं की मी म्हणायचे, "आ कर. जीभ वर." मग ती गिळायची. अशी पोरं पुढे शिकून डॉक्टर होतात आणि आपल्याच दारात मोटारसायकल लावतात, हे तेव्हा कुणी मला सांगितलं नाही.

पूनम अंगणात खुर्चीवर बसली आणि विचारायला लागली. इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे रोज सकाळी बुद्धवंदना होते, सगळे मिळून पंचशील म्हणतो. त्यात खोटं न बोलण्याचं एक शील आहे. ते म्हणून मला जेमतेम चहा प्यायला वेळ मिळाला होता.

"बाई, मांजर बाहेर फिरते का?"

"छे. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही."

"उंदीर वगैरे मारते?"

"तिला उंदराची किळस आहे."

कच्चं मांस, मासळी? दूध-भाकरीशिवाय काही नाही, मी म्हणाले. पिसवा? आमच्या घरात? जंताचं औषध कधी दिलं होतं? कधी गरजच पडली नाही, मी म्हणाले. (गावातल्या पोरांच्या घशात गोळ्या घालण्यात जन्म गेला, पण मांजरालाही पोट असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.) मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा कुणी स्थळाची एवढी तारीफ केली नसेल. आणि तेवढ्यात कुंपणाखालून स्थळ स्वतःच आलं. तोंडात उंदीर. सुंदरीने तो उंदीर पूनमच्या बुटाशी ठेवला आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

"बघ," मी म्हणाले, "किळस येते म्हणूनच टाकून दिला."

हे पेपरच्या मागे खोकले.

पूनमने मात्र ओळखीचा आदर राखला. तिने शांतपणे सांगितलं की जी मांजरं बाहेर भटकतात, शिकार करतात, कच्चं खातात, अंगावर पिसवा वागवतात आणि ज्यांना औषध मिळालेलं नसतं, त्यांच्या पोटात बहुतेक वेळा काही ना काही सापडतंच. मग तिने झाकणाची एक छोटी बाटली दिली. उद्याची ताजी शी यात भरून ठेवा, संध्याकाळी जाताना मी घेऊन जाईन.

ती गेली आणि मी हिशोब केला. भटकणं, शिकार, कच्चं, पिसवा, औषध नाही. सुंदरी सगळ्याच विषयांत नापास होणार होती. आणि नापास म्हणजे सुदुंबरे.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? पूनमला गाठून खरं सांगितलं असतं. पण मी शहाणी असते तर तुम्ही हे कशाला वाचत बसला असता? मी विचार केला, परीक्षेला लोक डमी उमेदवार बसवतात. मग शीच्या परीक्षेला का नको? हवी होती फक्त एखादी हुशार, घरंदाज, निरोगी मांजर.

ती मला माहीत होती. माझी बालमैत्रीण मंदा लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करते. मालक शनिवार-रविवार येतात. त्यांची एक विलायती मांजर बाराही महिने बंगल्यावरच असते. पांढरी शुभ्र, सपाट नाकाची, नाव प्रिन्सेस. मंदा तिला पिन्शी म्हणते. पिन्शीला वेगळी खोली, वेगळा पंखा, आणि जेवण परदेशी डब्यातलं. अशा पोटात जंत जायला धजतील का? मला तर वाटलं, दारातच परत फिरत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळची वंदना झाली (त्यात न दिलेलं न घेण्याचंही शील आहे, ते मी जरा घाईने म्हटलं) आणि मी लोकल धरून लोणावळ्याला गेले. बंगल्याच्या फाटकात पोचल्यावर लक्षात आलं की पूनमची बाटली घरी खिडकीतच राहिली.

मंदाला मी खरं काहीच सांगितलं नाही. इकडून तिकडून विचारलं, तुझी पिन्शी बाहेर जाते का गं?

"छ्या. ती मडम हाय. डब्यातलं खाती आन् गादीवर झोपती. लय नखरं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्याकडे एखादा रिकामा डबा मागितला, सुकं खोबरं ठेवायला म्हणून. लोणावळ्यात रिकामा डबा मागितला की कुठला मिळतो हे सांगायला नको. तिने चॉकलेट फजचा डबा दिला. प्लास्टिकचा, झाकणावर दुकानाचा सोनेरी शिक्का तसाच. मग मी चहा मागितला. मंदा आत गेली. पिन्शीचा शौचाचा टब व्हरांड्यात होता, निळा, अत्तराच्या वाळूने भरलेला. आमच्या बाथरूमपेक्षा बरा. मी तिथला चमचा उचलला, काम उरकलं, सगळं कागदात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि वर रबर लावलं. चमचा कुंपणापलीकडे टाकला. (मंदा तो अजून शोधतेय. मंदा, हे वाचत असशील तर शोधू नकोस.) पिन्शी हे सगळं खिडकीतून पाहत होती. मांजराने माझ्याकडे इतक्या तुच्छतेने पाहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. डबा पिशवीत वरच ठेवला होता, सांडायला नको म्हणून. मी मनात पुढचं ठरवत होते. घरी जायचं, बाटली भरायची, पूनमला द्यायची. मळवली आली. दारातून चढल्या आमच्या विहीणबाई.

वर्षाची आई. मळवलीलाच राहतात, शेती आहे. लेकीला बघायला निघाल्या होत्या, न कळवता. त्या समोर बसल्या, घाम पुसला आणि त्यांची नजर थेट माझ्या पिशवीवर गेली.

"लोणावळ्याला गेलता व्हय, विहीणबाई?"

मी हो म्हणाले.

"फज आणलासा? ब्येस केलं. वर्षा परवाच फोनवर म्हनत हुती, फज खावं वाटतंय. तुमाला बी सांगिटलं आसंल."

मला काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. आता आमच्या भागात लोणावळ्याहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत डबा दिसला आणि तो समोरच्याने मागितला, तर नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हणणारा माणूस पिढ्यानपिढ्या लक्षात राहतो. मी म्हणाले, जुना आहे हो. त्या म्हणाल्या, आज तर आणलाय. मी म्हणाले, फुटलाय आतून. त्या म्हणाल्या, फजला काय फुटायचं असतंय. डबा पिशवीतून त्यांच्या मांडीवर गेलाही होता. मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस कधीकधी चुकून खरं बोलतं.

"विहीणबाई, ते मांजरासाठी आहे."

डब्यातली ती शांतता मी अजून विसरले नाही. (लोकलच्या डब्यातली म्हणतेय. फजच्या डब्यात होती ती वेगळी.) शेजारच्या बायका बोलायच्या थांबल्या. विहीणबाईंनी डबा मांडीवर नीट सरळ केला, त्यावर पदर ओढला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"मांजराला फज. आन् माझ्या पोटुशा लेकीला काय, भाकरतुकडा?"

मळवली आणि कान्हे यांच्या मध्ये फक्त कामशेत आहे. मला तो प्रवास दिल्लीपर्यंतचा वाटला. विहीणबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. डबा मात्र सोडला नाही. स्टेशनपासून घरापर्यंत त्या पुढे आणि मी मागे. मी दोनदा डबा हातात घ्यायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी तो दुसऱ्या काखेत बदलला.

घरात सगळे हजर! वर्षा पाटावर बसून मेथी निवडत होती, मिलिंद आलेला, हे पेपरमागे, आणि पूनम खुर्चीवर चहा पीत बाटलीची वाट बघत होती. रिकामी बाटली खिडकीतून सगळ्यांकडे बघत होती. विहीणबाईंनी चप्पल काढली, आत गेल्या आणि डबा वर्षाच्या हातात ठेवला.

"घे. तुज्या सासूनं मांजरासाठी आणलाय. आदी तू खा, मग मांजराचं बगू."

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, ते मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. ती रबर काढत होती. जी घाण तिच्या हाताला लागू नये म्हणून हा सगळा घोळ सुरू झाला होता, ती मी फज म्हणून, सोनेरी शिक्क्यासकट, तिच्या हातात आणून दिली होती.

"उघडू नकोस!" मी ओरडले. "मांजराची शी आहे!"

मग मी जे बोलायला लागले ते थांबलेच नाही. पिन्शी, मंदा, निळा टब, चमचा, उंदराची किळस, सगळं. मधेच एकदा मी रडलेही. विहीणबाईंनी ज्या पदराने डबा झाकून आणला होता तो पदर अंगापासून लांब धरला. वर्षाने डबा जमिनीवर ठेवला आणि उठून साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. रागाने नव्हे.

पूनम उठली. रुमाल काढावा तसे तिने खिशातून हातमोजे काढले, घातले आणि डबा उचलला.

"नमुना ताजा आहे ना, बाई?"

"आजचाच आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग हाही तपासू. पण आता सुंदरीचाही द्या."

त्या रात्री जेवताना मी यांना विचारलं की माझी किती शीलं मोडली असतील. यांनी घास संपवला, पाणी प्यायलं आणि निकाल दिला. डबा मंदाने दिला होता, त्यामुळे ती चोरी नाही. डब्यातलं मांजरीने दिलं नव्हतं, पण टाकून दिलं होतं, त्यामुळे तीही चोरी धरता येत नाही. "पण चमचा चोरलास," हे म्हणाले. महिन्याभरात एवढं लांब बोलले नव्हते.

निकाल घेऊन पूनम पुन्हा आली. माझ्या डमी उमेदवाराचा निकाल असा की पिन्शीच्या पोटात जंतांच्या इतक्या जातींची अंडी सापडली की पूनमने दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावून ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मी मंदाला फोन केला. तिने बराच वेळ उं-आं केलं आणि मग कबूल केलं की डब्यातलं पिन्शी तोंडात धरत नाही, तेव्हा ती तिला रोज कोंबडीची कच्ची आतडी घालते, आणि रात्री मडम कुंपणावरून उडी मारून लोणावळ्यातल्या समस्त बोक्यांना भेटायला जाते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. शनिवारी मालक यायच्या आधी अंघोळ!

म्हणजे माझी युक्ती यशस्वी झाली असती, तर सुंदरी बिचारी दुसरीच्या पापावर सुदुंबऱ्याला गेली असती.

आणि सुंदरी? तिने माझी इज्जत राखली असं लिहायला मला आवडलं असतं. तिलाही जंत होते. पिन्शीपेक्षा कमी, पण होते. डॉक्टरीणबाईंना ज्याची भीती होती तो जंतू मात्र या खेपेला दिसला नाही. पूनमने लगेच बजावलं की एकदा दिसला नाही म्हणजे कधीच नसतो असं समजायचं नाही, काळजी घ्यायचीच. वर्षाच्या रक्ताची तपासणी तिकडे तळेगावला झाली होती, तिथेही घाबरण्यासारखं काही नव्हतं.

"पण निघालं ना काहीतरी?" मिलिंद म्हणाला. "ठरलं होतं आपलं."

मी पायांकडे बघत बसले. सुंदरी नेहमीच्या जागेवर, माझ्या पावलांवर होती. तिला काय कळणार! माझ्या बोलण्याला त्या आठवड्यात घरात काही भाव नव्हता.

बोलली वर्षा. तिने पूनमला विचारलं की जंत औषधाने जातात ना. जातात, पूनम म्हणाली, औषध पुन्हा पुन्हा वेळेवर द्यावं लागतं आणि उंदीर, कच्चं मांस बंद करावं लागतं. मग वर्षाने निकाल दिला. सुंदरी राहील. तिला घरातच ठेवायचं, शिजवलेलं खायला घालायचं. तिची घाण रोजच्या रोज, हातमोजे घालून आई काढतील. "तेवढा सराव त्यांना झालाय," ती म्हणाली. पूनमच्या सांगण्यावरून तिने आमच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं, आणि त्यांनी वर्षा सोडून घरातल्या सगळ्यांना जंताची गोळी घ्यायला सांगितली होती. "सगळे घेतील तरच सुंदरी राहील," वर्षा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

आता एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गोळी मी आयुष्यभर वाटली, पण स्वतः कधीच घेतली नाही. चावून खायची असते ती, खडूला अत्तर लावल्यासारखी लागते. पोरं थुंकायची त्यात त्यांची काही चूक नव्हती.

यांनी गोळी घेतली. मिलिंदने घेतली. पूनमने हातमोजे चढवून सुंदरीला मांडीवर घेतलं, जबडा उघडला, गोळी जिभेच्या पार मागे ठेवली, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवलं. सुंदरीने गाल फुगवून पाहिला, पूनमने पुन्हा जबडा उघडून बघितलं आणि तेव्हाच सोडलं. सगळ्यांचं लक्ष मांजराकडे आहे हे बघून मी माझी गोळी तोंडात टाकली, जिभेखाली सरकवली आणि झाली घेऊन, अशा अर्थाने पूनमकडे बघून छानसं हसले.

पूनमने हातमोजे काढले नाहीत. ती म्हणाली, "बाई, ओठ मिटून हसू नका. आ करा आणि जीभ वर. सुंदरीने सुद्धा शहाण्यासारखी गिळली."